आर्जव: फॉर्मवरचा एक रकाना

आजचं वाचन: छांदोग्य उपनिषद, अध्याय ४, खंड ४
सोबत: भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १



सत्यकाम जाबालाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. आज ती पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं, की ही गोष्ट मुळात एका प्रवेश अर्जाची आहे. मुलगा शिकायला निघालाय, गुरू घराविषयी एक प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर अडचणीचं आहे. ऑक्टोबर आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही असाच एक अर्ज उघडला जातो आणि त्यातही घराविषयी प्रश्न असतात. म्हणून आजचं चिंतन जरा व्यवहारातलं आहे.

कथा

सत्यकामाला ब्रह्मविद्या शिकायची आहे. तो आईला, जबालेला, विचारतो की माझं गोत्र कोणतं? त्या काळी गुरूकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येणार, हे त्याला ठाऊक आहे. जबाला त्याला सरळ सांगते, की तरुणपणी मी अनेक ठिकाणी सेवेत राबले, त्या काळात तू झालास, तुझं गोत्र मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं नाव सत्यकाम, तेव्हा तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणव.

मुलगा हारिद्रुमत गौतमांकडे जातो. अपेक्षेप्रमाणे प्रश्न येतो. आणि आईने जे सांगितलं ते, तिच्या राबण्यासकट, तो जसंच्या तसं सांगतो. गौतम म्हणतात की असं खरं ब्राह्मणाशिवाय कुणी सांगणार नाही, समिधा घेऊन ये, मी तुझं उपनयन करतो, कारण तू सत्यापासून ढळला नाहीस. भाष्यकारांनी या वाक्यावर पुष्कळ लिहिलंय. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे: अर्जातला रकाना रिकामा राहिला आणि प्रवेश मिळाला तो उत्तर खरं होतं म्हणून.

एक गोष्ट आपण पटकन विसरतो. सत्यकामाला खोटं बोलणं अगदी सोपं होतं. कुठलंही एक गोत्र सांगितलं असतं तर गौतम तपासायला कुठे जाणार होते?

आर्जव म्हणजे काय

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी सुरू होते. पहिल्याच श्लोकात अभय आहे, दान आहे, स्वाध्याय आहे आणि सगळ्यात शेवटी आर्जव आहे. मराठीत आपण हा शब्द 'विनवणी' अशा अर्थाने वापरतो, पण मूळ अर्थ सरळपणा. ऋजु म्हणजे सरळ, त्याचा भाव आर्जव. हाच शब्द तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत येतो, सतराव्यात शारीरिक तपात येतो आणि अठराव्यातही येतो.

पुढच्याच श्लोकात सत्य वेगळं सांगितलंय. मग आर्जव वेगळं का? मला समजतं ते असं: सत्य हा बोललेल्या वाक्याचा गुण आहे आणि आर्जव हा माणसाच्या वळणाचा. एकेक वाक्य खरं ठेवूनही माणूस वाकडा असू शकतो. ज्ञानेश्वर माउली तेराव्या अध्यायात आर्जव समजावताना सूर्याचा दाखला देतात: तो समोरचं तोंड पाहून प्रकाश देत नाही. तपासणारा समोर असो वा नसो, वागणं एकच. माझ्या दृष्टीने आर्जवाची यापेक्षा सोपी कसोटी नाही.

आजचा फॉर्म

अमेरिकेत कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी फॅफ्सा नावाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. तो मोफत असतो आणि दर वर्षी नव्याने भरायचा असतो. मुलगा किंवा मुलगी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर आई-वडील एच-१बीवर असले तरी तो भरता येतो. त्यातून एक आकडा निघतो, स्टुडंट एड इंडेक्स. २०२४-२५ पासून जुन्या 'अपेक्षित कौटुंबिक योगदाना'च्या जागी हा आला. आकडा जितका लहान, तितकी गरज मोठी. पेल ग्रँट (२०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर), राज्याची मदत, कॉलेजची स्वतःची मदत, सगळं या गरजेवर ठरतं. शिवाय बरीच खाजगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी खोलात जाणारा फॉर्म मागतात.

माझ्या ओळखीच्या घरांत हे फॉर्म भरताना मी गेली काही वर्षं मदतीला बसतो. इंजिनिअर म्हणून एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. उत्पन्नाची माहिती आता आपल्या संमतीने थेट आयआरएसकडून फॉर्ममध्ये येते, दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून. तिथे वळवायला फारसा वाव नाही. पण मालमत्तेचे रकाने आपण हाताने भरतो आणि त्यांची किंमत फॉर्म सही करतो त्या दिवसाची धरायची असते. त्या रकान्यात शून्य टाकलं तर फॉर्म कुरकुर करत नाही. आकडा आहे की नाही एवढंच तो तपासतो, आकडा खरा आहे का ते तपासत नाही.

आपल्या लोकांसाठी नेमका इथेच पेच आहे. बाणेरला किंवा नाशिकला घेतलेला फ्लॅट, गावाकडे नावावर असलेली जमीन, बँकेतली एफडी. फॉर्म विचारतो ती मालमत्ता कुठल्याही देशातली. परदेशातली असेल तर डॉलरमध्ये रूपांतर करून लिहायची. एफडी निदान दुसरीकडे दिसते, कारण परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा अहवाल द्यावाच लागतो. पण स्वतःच्या नावावरचा फ्लॅट भाड्याने दिलेला नसेल तर तो अमेरिकेतल्या कुठल्याही कागदावर बहुधा नसतो. त्याची नोंद होणार ती फक्त आपण लिहिलं तरच.

मागे एकदा जेवणानंतर एक काका मला म्हणाले होते, "अरे, पुण्याला कोण बघायला येतंय?" प्रश्न अगदी खरा आहे. कुणी येत नाही. सत्यकामाच्या वेळीही कुणी येणार नव्हतं.

मनाचे तीन युक्तिवाद

पहिला: तो फ्लॅट म्हणजे काही श्रीमंती नाही, आई-बाबा राहतात तिथे.

यात तथ्य आहे. तो विकून फी भरता येणार नाही, हे खरंच आहे. पण फॉर्म 'तुम्ही श्रीमंत आहात का' असं विचारत नाही. तुमच्या नावावर काय आहे आणि त्याची किंमत किती, हे विचारतो. राहतं घर फॅफ्सात वगळलंय, पण ते तुम्ही स्वतः राहता ते घर. प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि अडचण वेगळी सांगायची, हा सरळ रस्ता. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला विशेष परिस्थिती लक्षात घेऊन निर्णय बदलण्याचा अधिकार असतो. नोकरी गेली, मोठा वैद्यकीय खर्च आला, भारतातल्या आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवावे लागतात, हे सगळं पत्राने आणि कागदपत्रांसह त्यांना सांगता येतं. ते ऐकतीलच असं नाही. पण मागणं आणि लपवणं यात फार फरक आहे. मघाशी आर्जव म्हणजे विनवणी असं मराठीत झालंय म्हटलं ना? इथे दोन्ही अर्थ जुळतात. सरळ राहायचं आणि मग विनवायचं.

दुसरा: सगळेच असं करतात.

सगळे करत नाहीत. गप्पा मारताना करणाऱ्यांचा आवाज मोठा येतो, एवढंच. आणि मदतीचा साठा अमर्याद नसतो. कॉलेजने स्वतःच्या तिजोरीतून द्यायची रक्कम ठरलेली असते. २०१९ मध्ये शिकागोच्या उपनगरांतली एक बातमी गाजली होती. काही सुस्थितीतल्या पालकांनी मुलं अठरा वर्षांची होण्याआधी त्यांचं कायदेशीर पालकत्व नातेवाइकांना किंवा मित्रांना देऊन टाकलं, म्हणजे मुलांची मदत ठरताना आई-वडिलांची मिळकत मोजली जाणार नाही. कोर्टाचा आदेश होता, कागद खरे होते. प्रत्येक वाक्य खरं आणि सगळं मिळून वाकडं. इलिनॉय राज्यात अशी डझनावारी प्रकरणं बाहेर आली. लोकांना संताप आला तो यासाठी, की राज्याच्या मदतीचा निधी दर वर्षी सगळ्या पात्र मुलांना पुरत नाही. म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं काढलं गेलं. ईशावास्याचा पहिला मंत्र दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको म्हणतो. तिथला 'दुसरा' आपल्याला दिसत नाही, म्हणून तो नसतो असं नाही.

तिसरा: मुलासाठी करतोय, स्वतःसाठी नाही.

हा युक्तिवाद सगळ्यात जड आहे, कारण त्यात प्रेम आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

खरं म्हणजे नेमकं किती?

भीतीपोटी जास्त लिहिणं म्हणजे आर्जव नव्हे. काही गोष्टी फॅफ्सा विचारतच नाही: राहतं घर, ४०१-के आणि आयआरएसारखी निवृत्तीची खाती, आयुर्विम्याची रक्कम, गाडी. त्या लिहू नका. कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांना तर मालमत्तेचे प्रश्नच विचारले जात नाहीत. सीएसएस प्रोफाइल मात्र राहत्या घराविषयीही विचारतं, तिथे विचारलं तर उत्तर द्यायचं.

जे विचारलंय ते असं: बचत आणि चालू खात्यातली रक्कम, शेअर, म्युच्युअल फंड, मुलांच्या शिक्षणाचं ५२९ खातं, राहत्या घराखेरीज इतर घर किंवा जमीन. किंमत लिहायची ती आजच्या बाजारभावाने, त्यावरचं कर्ज वजा करून. २००९ च्या खरेदीखतावरचा आकडा नाही आणि रेडी रेकनरचा सोयीस्कर आकडाही नाही. फ्लॅट भावाबरोबर निम्मा-निम्मा असेल तर आपला निम्मा लिहायचा. फ्लॅट आई-बाबांच्याच नावावर असेल तर तो आपला नाही, लिहायचाच नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल आणि वाटणी झालेली नसेल तर स्वतःच अर्थ लावत बसू नका, कॉलेजच्या कार्यालयाला विचारा. शेती आणि छोट्या व्यवसायाचे नियम अलीकडे बदलत आलेत, म्हणून त्या वर्षीच्या फॉर्मवरची सूचना वाचूनच भरा.

सही करण्याआधी क्रेडिट कार्डाचं देणं फेडलं आणि शिल्लक कमी झाली, तर ते खरंच कमी झालेत. तेच पैसे साडूच्या खात्यात महिनाभर ठेवले, तर ते कुठेही गेलेले नाहीत. पहिला हिशेब आहे, दुसरं नाटक आहे. फरक ओळखायला वकील लागत नाही.

आता जरा आकडेमोड, कारण मला त्याशिवाय राहवत नाही. फॅफ्साच्या सूत्रात पालकांच्या मालमत्तेचा परिणाम सर्वांत वरच्या टप्प्यालाही साधारण ५.६४ टक्के असतो. समजा फ्लॅटची कर्ज वजा जाता किंमत ६०,००० डॉलर आहे. म्हणजे इंडेक्स वर्षाला फार तर ३,३८४ डॉलरनी वाढेल. उत्पन्न चांगलं असलेल्या घरात पेल ग्रँट तशीही मिळत नसते, त्यामुळे तिथे एवढाही फरक पडेलच असं नाही. सीएसएस वापरणाऱ्या कॉलेजांची सूत्रं आपापली असतात, पण ज्या रकमेसाठी आपण रात्र रात्र जागतो ती बऱ्याचदा मनात धरलेल्या रकमेपेक्षा लहान निघते. उलट मुलाच्या स्वतःच्या नावावरचे पैसे २० टक्क्यांनी मोजले जातात. घाबरायच्या आधी गणित तरी करावं.

आणि दुसऱ्या बाजूला? जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही, हे फॉर्मवरच लिहिलेलं असतं. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि कॉलेजला दोन कागदांत विसंगती दिसली तर ती सोडवणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. पण दंडाच्या भीतीने खरं लिहिणं हे अजून आर्जव झालं नाही. ते समोरचं तोंड पाहूनच चाललंय.

खऱ्याची किंमत

सत्यकामाला खरं बोलून काय मिळालं, ते वाचून पाहा. गौतमांनी त्याला चारशे रोडावलेल्या, अशक्त गायी दिल्या आणि त्यांच्या मागे जा म्हणाले. तो म्हणाला, हजार झाल्याशिवाय परतणार नाही. वर्षानुवर्षं रानात गेली. खरं बोलल्याचं फळ म्हणून त्याला आरामाचा रस्ता मिळाला नाही.

म्हणून मीही कुणाला सांगत नाही, की खरं लिहा, मदत आपोआप मिळेल. कदाचित कमी मिळेल. कदाचित जे कॉलेज मनात होतं ते परवडणार नाही. ते दुःख खरं आहे, त्याला हलकं लेखू नये. अशा वेळी रोडावलेल्या गायी घेऊन निघावं लागतं: आपल्याच राज्याचं विद्यापीठ, दोन वर्षं काउंटी कॉलेज आणि मग बदली, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंतचं सरकारी विद्यार्थी कर्ज, कॉलेजकडे पुन्हा एकदा विनंती. यातल्या कुठल्याच वाटेची लाज वाटायचं कारण नाही. सत्यकामाच्या गायी त्याच रानात हजार झाल्या.

जबालेची बाजू

आता तो तिसरा युक्तिवाद, मुलासाठी करतोय हा.

या फॉर्मवर फक्त आई-वडिलांची सही नसते. मुलाचीही असते. दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, असं तो सही करून सांगतो. सतरा वर्षांच्या पोराची कदाचित ही पहिलीच मोठी सही. त्या रकान्यात शून्य आपण टाकलेला असेल, तर त्या शून्याखाली त्याचं नाव आपण घातलं. त्याला फ्लॅट माहीत नसेल तर आपण त्याला फसवलं. माहीत असेल तर आपण त्याला शिकवलं. तिसरी शक्यता मला सापडत नाही. आणि हा फॉर्म दर वर्षी येतो, म्हणजे पदवी होईपर्यंत चार वेळा तोच धडा.

जबालेकडे पाहा. तिने मुलाला एखादं गोत्र देऊन पाठवलं असतं तर कुणी तिला दोष दिला नसता. तेही प्रेमच ठरलं असतं. तिने स्वतःची सगळ्यात अवघड गोष्ट मुलाला सांगितली आणि ती जगाला सांगायची मोकळीकही दिली. सत्यकाम गुरूसमोर जे सरळ बोलला, ते त्याने आदल्या दिवशी घरात ऐकलेलं होतं. उपनिषदाने त्याच्या नावात कायमचं आईचं नाव ठेवलंय, ते मला उगीच वाटत नाही.

आपल्या घरांत मुलांना पैशाचं काहीच माहीत नसतं. पगार किती, कर्ज किती, आजीच्या औषधांना किती जातात, पुण्याचा फ्लॅट कुणाच्या नावावर. फॉर्म भरताना मुलाला शेजारी बसवा. लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवा. हे आपलं, हे आपलं नाही, एवढं आपण देऊ शकतो, एवढं नाही देऊ शकत, हे सगळं त्याला सांगा. एखादा आकडा सांगताना आवाज अडखळेल, तरी सांगा. त्या तासाभरात त्याला आर्जव शब्दाचा जो अर्थ कळेल, तो माझ्या दहा लेखांनी कळणार नाही.

आजचं चिंतन

१. कुणीच तपासणार नाही अशा कोणत्या रकान्यात मी सोयीचं उत्तर लिहितो? फॉर्म फॅफ्साचा असेल, ऑफिसच्या खर्चाचा असेल, नाहीतर घरच्या हिशेबाचा.
२. ज्याची मला खरोखर गरज आहे, ते मी सरळ मागून पाहिलंय का?
३. माझ्या मुलांना किंवा धाकट्या भावंडांना आमच्या घराची कोणती खरी गोष्ट मी अजून सांगितलेली नाही?

प्रार्थना

हे नारायणा, जे माझं आहे ते माझं म्हणायचं धैर्य दे आणि जे माझं नाही त्यावरून हात काढून घ्यायचं बळ दे. कमी मिळालं तर कडवटपणा नको, जास्त मिळालं तर विसर नको. माझ्या सहीखाली माझ्या लेकरांना खाली पाहावं लागेल असं काही माझ्या हातून घडू देऊ नकोस.

उद्या पाचवा खंड वाचू. गायी हजार झाल्यावर सत्यकामाशी पहिल्यांदा कोण बोलतं ते बघू.

राम कृष्ण हरी.